माहितीदाता क्रमांक सतरा

माझी थोरली बहीण विद्यापीठाच्या धर्मअभ्यास विभागात बावीस वर्षं टायपिस्ट होती. त्या विभागात देव सोडून सगळं होतं: धूळ, कुलूपबंद कपाटं, कायम गळणारा एक नळ आणि विभागप्रमुख. त्यांना ताई ‘सर’ म्हणायची. मीही तेच म्हणते, तोंड कडू झालं तरी.

ताईचा एक नियम होता. हस्तलिखितात हात घालायचा नाही. लिहिणाऱ्याचं काही चुकलंसं वाटलं तर शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं, पण शब्द आहे तसा उतरवायचा. सरांची व्याख्यानं टाइप करून करून तिला तोंडपाठ झाली होती. भाजी निवडता निवडता ती मलाही ऐकवायची. एक पंडित म्हणतो, धर्म माणसांना एकत्र बांधून ठेवतो. दुसरा म्हणतो, तो मरणाच्या भीतीवरचा इलाज आहे. तिसऱ्याच्या मते विधी म्हणजे मजकूर, तो वाचता आला पाहिजे. आणि सरांचं स्वतःचं लाडकं वाक्य: आपली मतं कंसात ठेवा आणि करणारा माणूस काय सांगतो ते आधी ऐका. हे वाक्य ताईला फार आवडायचं.

भावजी घड्याळं दुरुस्त करायचे. अगदी शेवटच्या आजारपणात त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ताईच्या हातात दिलं. म्हणाले, “रोज किल्ली देत जा. बंद राहिलं की तेल घट्ट होतं.” ते गेल्यावर ताईने ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. रोज सकाळी दहाला, संगणक सुरू होईपर्यंत, ती किल्ली द्यायची, घड्याळ कानाशी धरायची आणि हळूच म्हणायची, “चालू आहे हो.”

सरांनी एकदा विचारलं, “कोणाचं?”

“ह्यांचं,” ताई म्हणाली. सरांनी पुढे काहीच विचारलं नाही. किती सभ्य माणूस, असं तिने मला घरी येऊन सांगितलं.

दोन वर्षांनी सरांच्या पुस्तकाचं हस्तलिखित तिच्या टेबलावर आलं. सहाव्या प्रकरणात ताईला ताई भेटली. माहितीदाता क्रमांक सतरा: विधवा, वय पन्नासच्या आसपास, कार्यालयीन नोकरी, रोज ठरल्या वेळी मृत पतीच्या घड्याळाला किल्ली देते आणि त्याच्याशी बोलते. तिन्ही पंडित एकामागून एक तिच्यावर हात साफ करून गेले होते. शेवटी सरांचा निष्कर्ष होता: ‘या स्त्रीने पतीचा मृत्यू स्वीकारलेला नाही.’

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि पर्स खांद्यालाच ठेवून खुर्चीत बसली. “त्यांचे डोळे मी मिटले. ते गेलेत हे मला ठाऊक नाही होय गं?”

“मग सांग ना सरांना,” मी म्हटलं. “ते वाक्य काढायला लाव.”

दुसऱ्या दिवशी वाक्याशेजारी प्रश्नचिन्ह काढून ती पान घेऊन सरांच्या खोलीत गेली.

“सर, ही बाई मी आहे.”

“अहो, तुमचं नाव कुठे आहे त्यात?”

“ते गेलेत हे मला माहीत आहे, सर. तेल घट्ट होऊ नये म्हणून मी किल्ली देते. त्यांनी तसं सांगितलं होतं.”

“असं तुम्हाला वाटतं,” सर समजुतीने म्हणाले. “करणाऱ्याला आपलं खरं कारण सहसा कळत नसतं.” त्यांनी खोडरबर घेतला, प्रश्नचिन्ह पुसलं आणि पान तिला परत दिलं.

जन्मभर दुसऱ्यांना कंस शिकवणारा माणूस! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “तूच बदल. ‘नाही’ काढ, ‘आहे’ घाल. कोण बघायला बसलंय?” मी तिला चोरी करायला सांगितल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. तिने वाक्य जसंच्या तसं टाइप केलं.

पण पुढे ड्रॉवर उघडला की मागे कोणीतरी उभं राहून बघतंय असं तिला वाटायला लागलं. एकदा तिने मला विचारलं, “मी खरंच तेलासाठी देते का गं किल्ली?” महिन्याभरात तिने किल्ली देणं सोडलं.

पुस्तक गाजलं. तीन वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा सहाव्या प्रकरणाला एक नवी तळटीप होती: ‘क्रमांक सतराचा विधी आता पूर्णपणे थांबला आहे. दुःख ओसरले की विधीची गरज संपते, या आमच्या अनुमानाला यामुळे पुष्टी मिळते.’

तीही ताईनेच टाइप केली. या वेळी शेजारी प्रश्नचिन्हसुद्धा काढलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी सामान आणायला मी तिच्या ऑफिसात गेले होते. ड्रॉवर रिकामा करताना तिने घड्याळ माझ्या हातात दिलं. मी किल्ली दिली, हलवलं, कानाशी धरलं.

“राहू दे,” ताई म्हणाली. “तेल घट्ट झालं असेल.”