तेराव्याची तालीम

जगदेवी बिराजदार सोलापुरात होटगी रोडवरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवत होत्या. उदाहरणातल्या पायऱ्या गाळणाऱ्या पोरांचे मार्क त्या बिनदिक्कत कापायच्या आणि वर त्याचा त्यांना अभिमान होता. लेक संस्कृती नोकरीला पुण्याला गेली, तिची गिटार कपाटावर राहिली. एकदा पंखा पुसताना ती गिटार थेट बाईंच्या डोक्यात पडली. माझी बुद्धी फिरली ती तिथूनच, असं त्या स्वतःच सांगतात.

विजापूर वेशीत खाजाभाई मिक्सर आणि अँप्लिफायर दुरुस्त करायचे. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. दर गुरुवारी शाळा सुटली की बाई त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून शिकू लागल्या. वर्षभरात तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरांचे जुडगे, आले: जी, सी आणि डी. तीनही आले असं बाई म्हणायच्या. खाजाभाई अडीच म्हणायचे. शाळेचं गीत तेवढ्यात निभत होतं. पण एका गुरुवारी खाजाभाईंनी सहज डी नाइन्थ छेडला आणि मग करंगळी दोन घरं पुढं सरकवून डी थर्टीन्थ. कोरड्या भाकरीवर कुणी दही अन् शेंगाचटणी वाढावी तसं झालं. बाईंना आता साधा डी घशाखाली उतरेना.

घरी येऊन त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि नवऱ्याला, शिवशरणना, समजावलं. "डीपासून एक सोडून एक स्वर घेत जायचं. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. इथं साधी माणसं थांबतात. मी पुढं जाणार. नववा, अकरावा, तेरावा."

"तेरावा? कुणाचा गं?"

"स्वर हो!"

"मग जेवण न्हाई म्हणा की," म्हणत शिवशरणनी पेपर उघडला.

कागदावर बाईंना सगळं येत होतं. हाताला मात्र यातलं काही कळवलेलं नव्हतं. शिवाय हिशेब जुळेना. स्वर सात, सहापैकी वाजवायच्या तारा पाच आणि दाबायला बोटं चार.

खाजाभाईंनी सोल्डरिंग करता करता तोडगा सांगितला. "पाचवा काढ डालो मॅडम, ग्यारवा भी. कोई नै रोता उनकू."

"असं कसं गाळायचं? उत्तर अपुरं राहील ना!"

"तो फिर सातों बजाओ," खाजाभाई म्हणाले आणि पुन्हा मिक्सरात डोकं घातलं.

पंधरा दिवस बाईंनी सातही स्वर बसवायचा हट्ट धरला. अंगठा वरून आणून पाहिला. एकदा तर तारेवर हनुवटी टेकवली. शिवशरणना राहवलं नाही, ते कानडीवर आले. "साकु, जगदेवी! पुरे आता. मान आखडंल की." शेवटी बाईंनी दोन स्वर गाळले, आणि कॉर्ड चक्क वाजला. तेव्हा मार्क कापलेली कितीतरी पोरं डोळ्यांपुढून गेली. बाई ओशाळल्या, पण माफी कुणाची मागितली नाही.

स्नेहसंमेलनात शिक्षकांनी शाळेचं गीत म्हणायचं ठरलं. पेटीवर प्रभु सर, गिटारवर जगदेवीबाई. शेवटच्या ओळीत डीवर सूर लांबवायचा, बाईंनी मान हलवली की सगळ्यांनी मिळून जीवर उतरायचं, असं पक्कं झालं. त्या डीच्या जागी आपला थर्टीन्थ टाकायचा, हे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटची ओळ आली. करंगळी ताणली गेली, बरोब्बर जागेवर पडली. एकही तार फडफडली नाही. बाई आपल्याच करंगळीकडं अशा काही बघत राहिल्या, जणू शेजारच्यांचं मूल बोर्डात आलंय. मान हलवायची राहून गेली. प्रभु सर पेटीवर बोट दाबून वाट बघतायत, आठ शिक्षक एकाच अक्षरावर आ करून उभे, पाहुण्यांचे टाळीसाठी उचललेले हात हवेतच. तो सूर कुठंतरी जायचा होता, आणि जात नव्हता.

तिसऱ्या रांगेतून शिपाई गोदावरीबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "संपलं का न्हाय अजून, बाई?"

सभागृह खदखदून हसलं. बाई दचकल्या, घाईत आधी सी वाजवला, मग जी. टाळ्या पडल्या. त्या बहुतेक सुटकेच्या होत्या.

"फार वेगळं झालं," मुख्याध्यापिका खाली उतरताना म्हणाल्या.

गुरुवारी खाजाभाईंनी विचारलं, "रुके कायकू मॅडम?"

"बोट बघत होते," बाई म्हणाल्या. खाजाभाई इतके हसले, की गिऱ्हाइकाला बाहेर थांबायला सांगावं लागलं.

शिवशरणनी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. त्यात प्रभु सर आहेत, पेटी आहे, माइकचा दांडा आहे. पेटीमागं बाईंचं फक्त डावं कोपर दिसतं. तरी बाईंनी तो व्हिडिओ लेकीला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: "मस्त, आई! कोपर तुझंच ना?"

बाईंनी "हो" लिहिलं, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.