हावमामांचा निकाल

हावमामांना ‘नाही’ म्हणता येत नसे. आमच्याकडे ‘हाव’ म्हणजे ‘हो’, आणि अहमदपुरात मुलींची रविवारची सॉफ्टबॉल लीग चालवणाऱ्या या निवृत्त एसटी कंडक्टरच्या तोंडी तेवढा एकच शब्द होता.

लीगचं वेळापत्रक माझ्याकडे असे, कारण माझी मुलगी एका संघात होती आणि मला घोळ सहन होत नाही. मी सातचा सामना लावावा आणि मामांनी सातलाच क्रिकेटच्या पोरांना मैदानाचा शब्द दिलेला असावा, हे दर आठवड्याचं. संघाला मैदानात नऊच मुली लागतात. पण कुणाची आई पोरीला घेऊन आली की मामा दहावी उतरवत, मग अकरावी. मी नियम दाखवला तर म्हणत, “भाऊ, यष्टीत उभ्यानं माणूस मावतंच की. हितं तर एवढं मैदान हाय.”

पंच म्हणून तर ते असह्य होते. एका अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी माझी मुलगी होम प्लेटवर, म्हणजे धाव पुरी होते तिथं, घसरत आली आणि समोरच्या संघाच्या कॅचरने तिला चेंडू टेकवला. सेफ दिलं तर बरोबरी, आऊट दिलं तर समोरचा संघ विजेता. धुरळ्यात आमच्या मुलींनी विचारलं, “मामा, सेफ ना?”

“हाव.”

“मामा, आऊट ना?” कॅचर म्हणाली.

“हाव.”

दोन्ही संघ नाचू लागले. मी गुणपत्रक घेऊन त्यांच्या अंगावर गेलो, काय ते एक सांगा म्हणालो. ते टोपी झटकत म्हणाले, “पोरीला मागच्या बेसवर उभी करा आन् चेंडू पुन्हा टाका. ऊन कुठं झालंय अजून?” ऊन चांगलंच झालं होतं. पुन्हा टाकलेल्या चेंडूवर आमचा संघ हरला.

यंदा ते मुलाकडे नांदेडला कायमचे गेले. पहाटे मैदानात चुन्याच्या रेषा आखायला दुसरं कोण येणार? लीग बंद पडणार हे उघड होतं. जाण्याआधी चहाला आले आणि म्हणाले, “भाऊ चालवणार म्हणून पोरींना सांगून बसलोय.”

“मला विचारलं होतं का?” मी म्हणालो.

“विचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हनला असता.”

त्यांचा तेवढा एकच निकाल बिनचूक निघाला.

परवा मी पहिल्यांदा पंच झालो. होम प्लेटवर तोच प्रसंग. मुलगी स्पष्ट आऊट होती, मी आऊट दिलं. कुणीच नाचलं नाही. उलट जिंकलेल्या संघाची कॅचरच जवळ आली. “काका, मामा असते तर पुन्हा खेळवलं असतं. खेळायचं का?”

नियमात असं काही नाही. ऊन झालं होतं. कडेला क्रिकेटची पोरं ताटकळत होती; मामांनी नांदेडहून फोनवर त्यांना मैदान देऊन टाकलं होतं.

“हाव,” मी म्हणालो, आणि त्या पोरांना सांगितलं, जरा मागं सरका.