पिस्तुलाआधी पदर

अबायाच्या, म्हणजे त्या पायघोळ काळ्या झग्याच्या, आतून पिस्तूल काढायचं म्हणजे काय भानगड असते, ते जिनं काढलंय तिलाच कळेल. डाव्या हातानं पुढचं सगळं कापड मुठीत धरायचं, छातीपर्यंत वर ओढायचं आणि उजव्या हातानं कमरेचं पिस्तूल उपसायचं. सांगायला एका दमात होतं. माझ्याच्यानं ते झालं नाही, आणि त्यापायी माझ्या लेकीवर काय वेळ आली ते सांगते.

मी साताऱ्याकडे पोलिसात होते. राजीनामा देऊन कतारला आले. आधी मॉलच्या दारात बायकांच्या पर्सा तपासल्या, मग सिक्युरिटी कंपनीनं अल गराफातल्या एका मोठ्या घरी लावलं. तिथल्या मॅडम आणि त्यांच्या दोन मुली, यांच्या मागे सावलीसारखं राहायचं, हे माझं काम. मुली शाळेला निघाल्या की मी मागे, मॅडम कुणाच्या लग्नाला निघाल्या की मी मागे. राहायला अल मुंतझात, एका मल्याळी कुटुंबाच्या फ्लॅटमधली एक खोली. त्या खोलीत मी आणि माझी लेक.

लेकीचा बाप गावाकडे. तो दारू पिऊन मारायचा. मला मारायचा ते मी सोसलं, पोलिसात असून सोसलं, हसायचं त्यानं हसावं. पण एका संध्याकाळी त्यानं पोरीचा हात पिरगाळला, तो खांद्यातून निखळला, आणि मी त्याच आठवड्यात परदेशातल्या नोकरीसाठी एजंटकडे गेले. पोरीच्या पासपोर्टला बापाची सही हवी होती. ती त्यानं दिली, पण दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवून एक अट घालून दिली. माझी तिकडे नोकरी आहे तोवर पोर माझ्याजवळ, नोकरी सुटली की पोर त्याच्या घरी. माझ्या सख्ख्या भावानंही त्या अटीला मान डोलावली. तेव्हा नोकरी म्हणजे माझ्यासाठी पगार नव्हता, पोर होती.

आणि कंपनीनं अचानक जाहीर केलं की अशा घरांना आता बिनहत्यारी बायका नकोत. सरकारी परवाना घेऊन कपड्यांआड पिस्तूल बाळगणारी बाई हवी. ट्रेनिंग होईल, परीक्षा होईल, पास होईल ती राहील, बाकीच्यांना घरी पाठवणार. मला भीती वाटली नाही. उलट मनात म्हटलं, चला, हे तर आपल्या हातचं. पोलिसात माझा नेम चांगला होता, साहेब लोक बघायला उभे राहायचे.

वर्ग उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे, एका बंदिस्त फायरिंग रेंजवर. शिकवणारा जॉर्डनचा, सैन्यातून निवृत्त झालेला, बोलायला मवाळ. वर्गात आम्ही चौघीच. पहिले काही दिवस पँट-शर्ट घालून गोळ्या मारल्या आणि मी सगळ्यांच्या वर होते. कोच म्हणाला, तू तर मलाच शिकव. घरी येऊन मी शिरा केला.

मग अबाया आला. अबाया आणि डोक्यावर शेला, कारण मॅडमबरोबर बाहेर पडताना तसंच लागतं. कंपनीनं सामानही निरनिराळं आणलं होतं आणि कुठलं घ्यायचं ते आम्हीच वापरून सांगायचं होतं. एक पँटच्या आत खोचायचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, एक पोटाला बांधायचा रुंद पट्टा, आणि एक खांद्याला लावायची पर्स, जिच्या आत पिस्तुलाचा चोरकप्पा. पट्टा घामानं फिरायचा, पिस्तूल सरकत पाठीकडे जायचं. पर्स मला झकास जमली. डावा हात पर्सवर, उजवा आत, ठो. वाटलं, सुटले. मग कोचनं पळायला लावलं. पळताना पर्स गरकन मागे गेली, मी चेन शोधतेय आणि चेन पाठीवर. कोचनं विचारलं, ही चालेल का? खोटं कसं बोलू? उद्या त्या दोन पोरींवर खरोखर कुणी चालून आलं तर? मी म्हटलं, नाही चालणार. पर्स बाद झाली. राहिलं कमरेचं होल्स्टर.

आणि तिथे माझं कर्म आडवं आलं. शिट्टी वाजली की माझा डावा हात कमरेकडे जायचाच नाही. तो वर जायचा. शेल्याचं टोक धरायचा, छातीवर सारखं करायचा, आणि मगच खाली यायचा. तोवर वेळ संपलेली असायची. मला तर हे कळतही नव्हतं. मी भांडले कोचशी, की मी थेट कापडच धरते. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवला. बघितलं, आणि त्याचंच खरं निघालं. समोर माणसाच्या आकाराचा पुठ्ठा उठतो, आणि ही बया आधी पदर सावरते.

कोच हसला नाही, ते त्याचे उपकार. त्यानं शेला पिनांनी घट्ट बसवायला सांगितला. बसवला. हात तरी वर जायचाच, पिन चाचपायचा आणि खाली यायचा. खाकीत असताना हे कधी झालं नव्हतं, कारण खाकीला पदर नसतो. पण ड्यूटीवरून घरी आले की सासरी साडीच नेसायची, आणि पुरुषमाणूस समोर आलं की आधी पदर, मग बाकी सगळं. सासूबाई नजरेनंच सांगायच्या. त्याआधी आईनं सांगितलेलं. इतक्या वर्षांत या हाताला फक्त झाकायचं शिकवलं सगळ्यांनी. आता कोच म्हणत होता, भर माणसांत कापड छातीपर्यंत उचल, आणि लाजू नकोस. मी लाजत नव्हते हो. हातच ऐकत नव्हता. राग आला मला, इतका की स्वतःच्याच हाताला चावावंसं वाटलं.

पिस्तूल काही घरी आणता येत नाही. मी टीव्हीचा रिमोट कमरेला खोचायचे, अबाया-शेला चढवायचे आणि आरशासमोर उभी राहायचे. लेक पलंगावर बसून टाळी वाजवायची, ती माझी शिट्टी. तिला माझं मराठी सगळं समजतं, पण शाळेमुळे उत्तर इंग्रजीत. दर टाळीला म्हणायची, “ममा, यू डिड इट अगेन.” मी चिडायचे, पुन्हा उभी राहायचे. एकदा वैतागून मी पलंगावर बसले आणि स्वतःशीच पुटपुटले, ही खोड लागली कुठून कोण जाणे.

लेकीनं मान वर न करता तिच्या इंग्रजीत सांगितलं. तिकडे पप्पा दारातून आत आले की तू असंच करायचीस. आधी साडी नीट करायचीस, मग माझ्यापुढे येऊन उभी राहायचीस. ते बघितलं की मला समजायचं, आता पळायचं.

मी उठले आणि कपडे धुवायला टाकले. मशीनसमोर उभी राहून रडून घेतलं, तिला आवाज जाऊ नये म्हणून.

परीक्षेच्या सकाळी मॅडमनी त्यांच्या ड्रायव्हरबरोबर गाडी दिली, इन्शाल्ला पास होशील म्हणाल्या. मनाच्या चांगल्या आहेत त्या. ड्रायव्हर रत्नागिरीकडचे, वयस्कर. मी उतरताना म्हणाले, ताई, घाबरू नका.

परीक्षेत माझ्या बाजूला लहान मुलीएवढा पुतळा उभा केला होता. समोर हल्लेखोराचा पुठ्ठा उठला की पुतळ्याला पाठीशी घ्यायचं, कापड उचलायचं, पिस्तूल काढायचं, दोन गोळ्या. पुठ्ठा उठला. मी पुतळा असा सर्रकन मागे घेतला की कोच मागून शाब्बास म्हणाला. आणि हात गेला वर. वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

नियमाप्रमाणे दुसरी संधी मिळाली. आता मी मनाशी घोकत होते, खाली, खाली, खाली. पुठ्ठा उठला, हात वर निघाला, मी त्याला अर्ध्यातून हिसकून खाली आणला, हाताला येईल ते कापड ओढलं आणि पिस्तूल उपसलं. अर्धा अबाया पिस्तुलासकट मुठीत आला. नळी माझ्याच पोटाकडे, बोट चापाजवळ. कोचनं मागून मनगट धरलं ते इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशीही वळ होता. पिस्तूल काढून घेतलं, मॅगझिन काढली, चेंबर रिकामं केलं आणि हळू आवाजात म्हणाला, “खलास, सिस्टर.”

मी हातापाया पडायची बाकी राहिले. सांगितलं त्याला, माझ्या पोरीचा प्रश्न आहे, आणखी एकदा बघ. तो म्हणाला, तुझ्या पोरीसाठीच नाही म्हणतोय, तू स्वतःला मारलं असतंस. त्याचं चूक नव्हतं. कुणाचंच काही चूक नव्हतं, हेच तर दुखतं. भांडायलाही माणूस नाही समोर.

मॅडमनी कंपनीला फोन केला, पण कंपनीनं ऐकलं नाही. माझ्या जागी वर्गातलीच एक केनियाची बाई आली, मुली तिच्यासोबत शाळेला जाऊ लागल्या. दुसरीकडे नोकरी शोधली, मॉलमध्येही विचारलं, कुठे जागा नव्हती. व्हिसा संपत आला. गावी फोन केला तर सासूबाई आनंदल्या, म्हणाल्या, त्यानं खोलीला रंग दिलाय. भावाला विचारलं, काही दिवस तुझ्याकडे राहू का? तो म्हणाला, ठरलंय ते ठरलंय, मला मध्ये घेऊ नकोस. पोरीला एकटीला त्या घरात सोडणं शक्य नव्हतं, म्हणून मीही तिथेच जायचं ठरवलं. परक्याच्या दोन पोरी मी इतके दिवस केसाला धक्का न लागता सांभाळल्या, आणि माझी पोर मी माझ्याच हातानं तिथे परत घेऊन निघाले होते. असं आयुष्य कुणाचं नसावं.

लेकीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं आपली बॅग स्वतः भरली, शाळेचे कपडे घडी करून वर ठेवले. मग आरशासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, केस विंचरतेय.

ती माझा शेला खांद्यावर घेऊन उभी होती आणि डाव्या हातानं टोक छातीवर सारखं करत होती. एकदा केलं, पुन्हा केलं. काय करतेयस गं, असं मी विचारलं.

ती या वेळी मराठीत म्हणाली, “तिकडे पप्पा आले आणि तू झोपलेली असशील, तर मग मी उभी राहीन ना तुझ्यापुढे.”