मामांच्या चहातलं विष

गेल्या उन्हाळ्यात देवळ्याला जाऊन मी माझ्या वहिनीला खुनी ठरवलं. खून झालेला नव्हता.

मामांचा बंगला मळ्यात, कांद्याच्या चाळीला लागून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मृत्युपत्राची नोंदणी होती: निम्मी जमीन मुलाला, निम्मी लेकीला. मी साक्षीदार म्हणून नाशिकच्या इंदिरानगरहून आलेलो. वाटणीवर घरात कुणी कुरकुरत नव्हतं, आणि मला नेमकं तेच खटकलं. रहस्यकथा फार वाचल्या की असं होतं.

चारच्या सुमाराला मामांची सून, म्हणजे माझी वहिनी, फवारणीच्या औषधांच्या खोलीत दिसली. हातात चहाचा कप. तिने फळीवरून बिनलेबलाचा डबा काढला, मागे वळून पाहिलं आणि चमचाभर पांढरी पूड कपात ढवळली. मी दबकत तिच्या मागे गेलो.

ओट्यावर मामांच्या जागेपुढे तो कप ठेवून ती इतरांचा चहा आणायला गेली. मग सगळे कप मांडून झाले. मामा नळावर पाय धूत होते, मामेभाऊ फोनवर, मामी आणि वहिनी बिस्किटं आणायला आत. मी ओरडायला हवं होतं, निदान कप सांडायला. पण पुस्तकातले हुशार लोक कप बदलतात. मी मामांचा कप मामेभावापुढे सरकवला, त्याचा मामांपुढे, आणि वहिनी बाहेर आल्यावर तिच्या चेहऱ्यावर नजर रोखून बसलो.

मामेभावाने घोट घेतला. डोळे विस्फारले.

"आई, चहात साखर कशी?"

मामांना मधुमेह निघाल्यापासून मामींनी अख्ख्या घराची साखर तोडली होती. दिवसातला एवढा एकच कप वहिनी मामांना चोरून गोड करून द्यायची. औषधांच्या वासाने मामी त्या खोलीत फिरकत नसत, म्हणून दिवाळीच्या लाडवांची उरलेली पिठीसाखर तिथे. आता डबा मामींच्या ताब्यात गेला.

"कप कुणी हलवले?" फिक्या चहाकडे बघत मामांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. वहिनीची माफी मागितली.

"विष घालायचं असतं तर तुमच्या कपात घातलं असतं, भाऊजी," ती म्हणाली.

मामा हसले नाहीत. "त्या कपात विष हाय, अशी तुझी खात्री होती?"

"हो, मामा."

"अन् तो तू माझ्या पोरापुढं ठेवला?"

मामेभावाने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटांकडे.

मामा मामींना म्हणाले, "घरात खुनी एकच हाय, अन् त्याला आपणच नाशिकहून बोलावून आणला."