गटार कोणाच्या दारावरून?

किस्से गटारातल्या गाळासारखे असतात. एक फावडं उपसलं की खालून दुसरा निघतो, आणि वास आला तरी बघ्यांची गर्दी काही हटत नाही. मी तर पहिल्यापासून बघ्यांच्या पुढच्या रांगेतली.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीत कारखाने आले, चिंचवडात आमच्या रस्त्यावर भाडेकरू वाढले आणि मोऱ्यांचं पाणी साचायला लागलं. नळ आणि गटार करायचं ठरलं. नळ प्रत्येकाला आपल्या दारात हवा होता, गटार शेजाऱ्याच्या.

ओव्हरसियरसाहेब चौकशीला फिरले. जो तो म्हणे, "आमच्याकडं पाणीच सांडत न्हाई."

साहेबांनी चिखलातून पाय उपसत विचारलं, "मग हे कुणाचं?"

"त्ये पलीकडल्यांचं."

*

नाल्याकडे जायच्या वाटा दोन. एक शेजारच्या हौसाच्या विहिरीला खेटून, दुसरी तात्यांच्या दारावरून. तात्या म्हणजे रस्त्यातलं सगळ्यात मोठं घर आणि त्याहून मोठा आवाज; रस्त्यातल्या साऱ्याच सुना त्यांच्या 'सूनबाई'. त्यांचं म्हणणं, आपलं दार उंचावर, पाणी काय चढून येणार? गटार विहिरीकडूनच जाऊ दे. त्या विहिरीचं पाणी आम्ही सगळेच प्यायचो, आणि नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता.

हौसा तडक त्यांच्या ओट्यापुढे उभी राहिली. "तात्या, तुमच्या मोरीचं पाणी आमी शेंदून प्यायचं व्हय?"

तात्या म्हणाले, "उकळून पी."

*

मग जमिनीचा चढउतार मोजायला साहेबांनी रस्त्यात तीन पायांवर दुर्बीण मांडली. पहिली मी डोकावले. समोरून हौसा घागर घेऊन येत होती. पाय वर, डोकं खाली, आणि घागरीतून थेंब सांडत नव्हता! भिंगांमुळे सगळं उलटं दिसतं, असं साहेबांनी समजावलं. ही बातमी घरोघरच्या चुलीपर्यंत पोचली. त्या दिवशी एकही बाई बाहेर पडेना.

हौसानं खिडकीतून सांगितलं, "साहेब, ती नळी झाका आधी. लुगड्याचा भरवसा न्हाई."

*

समोर धरलेल्या पट्टीवरचे आकडेही उलटेच दिसत. साहेबांचा कारकून मान मोडून वाचायचा आणि चुकायचा. मी घडाघडा वाचायची. मला शाळेत कुणी घातलं नव्हतं. भाऊ पाटीवर गिरवायचा, मी त्याच्या समोर बसून शिकले. म्हणजे उलटंच शिकले!

"वहिनी, आकडे तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. बाईमाणूस आकडे सांगणार हे तात्यांना रुचेना. साहेबांनी त्यांनाच दुर्बिणीशी उभं केलं. तात्यांनी डावा डोळा लावला, उजवा लावला, घाम पुसला.

"वाचू द्या तिलाच."

*

शेवटी दोनच जागा मोजायच्या राहिल्या. सगळा रस्ता गोळा झाला. विहिरीपाशी पट्टी धरली. मी वाचलं, चार फूट. तात्यांच्या दारात धरली. सात फूट.

"सात! ऐकलंत? तीन फूट उंच आहे माझं दार." तात्यांनी घरातून सगळ्यांना चहा मागवला. हौसालाही दिला. ती कप हातात धरून नुसती बसली.

साहेबांनी चहा संपवला, कपबशी ओट्यावर ठेवली. "तात्या, दुर्बीण एका पातळीत बघते. उंचावर उभ्या माणसाचा तिला गुडघा दिसतो, खड्ड्यातल्याचं डोकं. आकडा मोठा, म्हणजे जागा सखल. गटार तुमच्या दारावरून जाणार."

हौसानं एका घोटात चहा संपवला.

तात्या माझ्याकडे वळले. "सूनबाई, उलटं बास झालं. आता एकदा सुलटं वाच."