मामींची मागल्या दारची चूल

माझ्या सासूबाई स्वयंपाक नाकाने करीत. झाकण उचलायचं, वाफ हाताने तोंडाकडे ओढायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "लसूण कच्चा हाय अजून." आमच्या घरात त्या महिनोन्महिने राबल्या, पण आमच्या पातेल्यातल्या पळीचं टोकसुद्धा त्यांनी जिभेला लावलं नाही. मी त्यांना मामी म्हणत असे. आता त्या नाहीत. माझं त्यांच्याशी असलेलं भांडण मात्र अजून पुरतं मिटलेलं नाही.

भांडण लग्नाआधीचं. मी लोणावळ्यात आलो तो एक विळा घेऊन. बंगलेवाल्यांच्या घोड्यांना गवत कापून घालता घालता स्वतःची वखार उभी केली, ती कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. टाकव्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा मानपानावरून मी जरा चढ्या आवाजात बोललो. त्यावर मामी भर बैठकीत दाराआडून म्हणाल्या, "पोरगं कष्टाळू हाय. पन गवत कापतंय तसंच बोलतंय, फुडं काय हाय ते बघत न्हाई." सगळी बैठक हसली. लग्न झालं, पण ते हसणं मी विसरलो नाही. सासुरवाडीला गेलोच तर उंबऱ्याशी बसून पाणी प्यायचो आणि परत यायचो.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी माझं अंग सुजलं. सकाळी डोळे उघडत नसत, संध्याकाळी वहाणा पायात जात नसत. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बिघडली आहेत. मीठ पूर्ण बंद, लोणचं, पापड, सुकट बंद, तेल-तिखट बेताने. देशभर माणसं मिठासाठी तुरुंगात चालली होती आणि माझ्या घरात मिठाला बंदी. बाजारातले बागवानचाचा लिंबं निवडून देताना मुद्दाम मोठ्याने विचारीत, "काय शेठ, सरकारला सामील झालात म्हणे?"

मला अळणी घास गिळेना. मी ताट भिरकावायचो. बायको घाबरून आमटीत गुपचूप चिमूट टाकायची, आणि सूज तशीच राहायची. शेवटी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर यांना पुढची दिवाळी दिसायची नाही. तिने टाकव्याला निरोप धाडला. त्याच आठवड्यात मामी दारात उभ्या राहिल्या, डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि काखेत दोन पातेली.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. आम्हाला मूल नव्हतं. मामींनी मागल्या दारी तीन दगड मांडून आपली चूल वेगळी केली. "पानी तेवढं घेते," त्या म्हणाल्या. "हीर देवाची हाय." मला ते फार लागलं. माझ्या घरात राहायचं, माझ्या चुलीपुढे बसायचं आणि माझ्या घरचा घास तेवढा वर्ज्य. दुसरी बैठक भरवून हसल्यासारखंच वाटलं मला.

आल्या दिवशी त्यांनी मिठाची बरणी शेजारी नेऊन दिली. मग लेकीला म्हणाल्या, "ज्यात मीठ कदी नव्हतंच, तितनं सुरू करू. भाकरीत कुटं असतंय मीठ? दुधात? खिरीत?" पहिले काही दिवस त्यांनी मला एवढ्यावरच ठेवलं. माझी तक्रार करायची जागाच गेली. मग हळूच एकेक जिन्नस शिरू लागला. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, त्यात कुटलेले तीळ आणि लिंबू. कच्च्या करवंदांची लसूण घालून वाटलेली चटणी. भोपळा चिंच-गुळात. भाजलेल्या कारळांची पूड भातावर. जिथे आम्ही मीठ टाकत होतो तिथे त्या आंबट टाकत, नाहीतर काहीतरी खरपूस. "गरम असतानाच खावा," असा त्यांचा हुकूम असे. "गार झालं की मीठ आठवतंय."

मी मुकाट्याने खाल्लं असं नाही. जावयासमोर त्या येत नसत, म्हणून आमची भांडणं दाराच्या दोन्ही बाजूंनी चालत.

"मामी, ही भाजी आहे की औषध?"

"भाजीच हाय, पाव्हणं. औशद असतं तर तुमी गप गिळलं असतं."

एके दुपारी मागल्या दारी लसूण कुटल्याचा असा वास सुटला की मी वखार सोडून आत आलो. मामी आपल्या चुलीपाशी जेवायला बसल्या होत्या. भात आणि वाटीत लालभडक चटणी. ती बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांच्या चुलीवर तरी मीठ असणार, याची मला खात्री होती. मी चौकटीला धरून उभा राहिलो.

"मामी, त्यातली बोटभर चटणी द्या. टाकव्याला गाडीभर गवत पाठवतो."

त्यांनी पदर पुढे ओढला. "आन् काय?"

"दोन गाड्या."

"आन्?"

"बैठकीत बोललात ते विसरतो."

"लय महाग घेताय," त्या म्हणाल्या आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

मी बोट बुडवून चाटलं. लसूण, मिरचीचा रंग, खोबरं, आंबट काहीतरी. मीठ नाही. पुन्हा चाटलं. मग त्यांच्या ताटातला भात चिमटीत घेऊन खाल्ला. त्यातही नाही.

"मामी, हे अळणी आहे."

"मग? तुमच्या घरचं तोंडात घालत न्हाई, तर चव कुटं बघू? आदी हितं करून खाते. गोड लागलं तर तुमच्या ताटात. न्हाई लागलं ते मी एकलीच संपवते."

"आल्यापासून?"

"व्हय."

मी वाटी त्यांच्याकडे परत सरकवली. त्या म्हणाल्या, "लेकीचं कुंकू हाय, पाव्हणं. निस्त्या नाकावर किती भरोसा ठिवू?"

त्यानंतर मी ताट भिरकावलं नाही. सूज उतरायला उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. भाताच्या कापणीला माझ्या वहाणा पायात शिरल्या आणि दिवाळी मी वखारीत उभं राहून गिऱ्हाइकांशी भांडत साजरी केली. डॉक्टरांनी थोड्या मिठाची परवानगी दिली, त्याच दिवशी मामींनी पातेली बांधली. मी म्हटलं, "एक घास खाऊन जा. रीत तुमची असेल, घर माझं आहे."

"नातवंड दावा," त्या म्हणाल्या, "मंग वाढा."

पुढे आम्हाला मुलगी झाली. बारशाला मामी आल्या. माझी आत्या म्हणाली, "नातू झाला म्हंजी रीत सुटती. नातीवर न्हाई सुटत." मामींनी स्वतःच पाट ओढून घेतला. "मला भूक लागलीया," एवढंच बोलून त्या बसल्या. बायकोने त्यांच्यासाठी पुरणपोळी केली होती, आमटी केली होती. मामींनी ते सगळं बाजूला सारलं आणि माझ्या वेगळ्या पातेलीतलं भाजलेलं वांगं मागितलं, तेच, त्यांनीच शिकवलेलं. वाढायला मी स्वतः वाकलो.

त्यांनी माझ्या घरचा पहिला घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला. मी म्हटलं, "कसं झालंय?"

"अळणी हाय," मामी म्हणाल्या आणि ताट पुन्हा माझ्यापुढे धरलं.