थरथरीवरचा दिवा

आमच्या लॅबमधल्या कपॅसिटरमध्ये वीज कधी फारशी साठली नाही. किस्से मात्र साठत गेले. बहुतेक माझ्यावरचेच आहेत, म्हणून दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

नव्वदीच्या दशकाचा शेवट. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता मी एम.ई. करत होते. प्रोजेक्ट असा: पितळी पट्टीवर पिझोची चकती चिकटवायची. यंत्राच्या कंपनांनी पट्टी थरथरली की चकतीतून चिमूटभर वीज निघते. तेवढ्यावर छोटा सेन्सर यंत्राचं तापमान मोजणार आणि लाल दिवा लुकलुकणार. ना वायर, ना सेल बदलायची कटकट.

माझी एक वर्षाची लेक चिनू तेव्हा कोरेगावला सासूबाईंकडे होती. व्हायवा पास झाले की तिला सांगलीला आणायचं, असं घरात ठरलं होतं. नाहीतर आणखी एक टर्म मी फक्त रविवारची आई.

*

पहिली चाचणी कोरेगावच्या पिठाच्या गिरणीत. पट्टी, सेन्सर, दिवा सगळं एका डबीत बसवून डबी गिरणीला बांधली, दिवा लुकलुकला. मी मोठ्या ऐटीत सासूबाईंकडे पाहिलं.

"लाईट आली की गिरणी चालती, व्हय?"

"हो, आई."

"आन् गिरणी चालली की तुझी लाईट लागती."

"हो."

"मग आदली लाईट काय वाईट हुती?"

मी वायर, सेल, सेन्सर असं सगळं पुन्हा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या केसांतलं पीठ झटकलं.

*

मग डबी चिनूच्या पाळण्याला लावली. दिवा दिसला म्हणजे पाळणा हलतोय, पाळणा हलतोय म्हणजे पोरगी ठीक, हे स्वयंपाकघरातूनच कळावं म्हणून. काळजीला शास्त्राची जोड!

पण पट्टीला हवी थरथर, आणि झोका पडला संथ. दिवा लागेना, म्हणून मी झोके वाढवत गेले. चिनू टक्क जागी झाली.

नणंद दारात उभी. "वयनी, पोरगी झोपवायची हाय का उडवायची?"

*

एकदा साताऱ्याहून येताना डबी एसटीच्या खिडकीच्या गजाला बांधली. खड्डा आला की दिवा लागायचा, की मी खूश. पुढे नवं डांबर लागलं. दिवा बंद, माझा चेहरा पडला.

कंडक्टरने कारण विचारलं. मी सांगितलं.

 त्याने ड्रायव्हरला हाक मारली, "अण्णा, जुन्या रस्त्यानं घ्या की. बाईंना खड्डं पायजेत."

*

व्हायवाला पुण्याहून परीक्षक आले. शेजारी माझे गाईड कांबळे सर. भिंतीपलीकडे वर्कशॉपमधलं लेथ मशीन चालू. त्याच्या थरथरीवर टेबलावरच्या डबीतला दिवा लुकलुकून दाखवायचा आणि शेजारच्या मीटरवर वीज मोजून दाखवायची, असा बेत.

परीक्षक बसले आणि लाईट गेली. लेथ थांबलं. दिवा विझला.

"लाईट येईल, सर," कांबळे सर म्हणाले. बराच वेळ आली नाही.

"मला गाडी गाठायची आहे," परीक्षक म्हणाले. "पुढच्या टर्मला बघू या का?"

 माझ्या डोळ्यांपुढे चिनू, सासूबाईंच्या कडेवरून मला टाटा करणारी.

दिवा लुकलुकला. पुन्हा लुकलुकला. मग थांबेचना. मीटरवरचा आकडा लेथच्या वेळेपेक्षाही वर गेला.

कांबळे सरांनी भिंतीला कान लावला. पलीकडे शुकशुकाट. परीक्षकांनी टेबलावर तळवा ठेवून पाहिला आणि मग वाकून टेबलाखाली डोकावलं.

टेबलाच्या पायाला टेकलेला माझा गुडघा शिवणयंत्रासारखा चालला होता.

मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. दिवा विझला.

"थांबवू नका हो," पेनाचं टोपण काढत परीक्षक म्हणाले. "माझी सही होऊ द्या."